वादळाआधीची दहा मिनिटं

मे महिन्याच्या सुट्टीत म्हैसूरला जाऊन आलेल्या मंडळींना हा अनुभव असेलच. सकाळी राजवाडा पाहताना घामाच्या धारा. दुपारी चामुंडीच्या टेकडीवरून खाली पाहावं, तर अवघं शहर उन्हात चमकतंय. आणि संध्याकाळी वृंदावन बागेतली कारंजी बघायला निघावं, तोच आभाळ काळंकुट्ट होतं. सोसाट्याचा वारा सुटतो, विजा कडाडतात, टपोरे थेंब पडू लागतात. तासाभरात सगळं शांत. हवेत गारवा येतो, रस्त्यावर गुलमोहराच्या पाकळ्यांचा सडा पडलेला असतो. ‘काय छान पाऊस झाला!’ म्हणत आपण हॉटेलवर परततो.

आपल्याकडे याला वळवाचा पाऊस म्हणतात. तिकडे तो आंब्याच्या दिवसांत येतो, म्हणून त्याला ‘मँगो शॉवर’ असं लाडकं नाव मिळालं आहे. पण हा लाडका पाऊस कधी कधी पाकळ्यांबरोबर अख्खा गुलमोहरही आडवा करतो. झाड तारांवर पडतं, खांब वाकतात, मोहल्लेच्या मोहल्ले रात्रभर अंधारात राहतात. शहराबाहेर शेतात असलेल्या माणसांच्या डोक्यावर तर थेट वीज असते.

जुलै म्हणजे पाऊस, हे आपलं मराठी गणित म्हैसुरात चालत नाही. हे शहर सह्याद्रीच्या पलीकडे, पर्जन्यछायेत आहे. वर्षाकाठी इथे साधारण ८०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातले जोराचे महिने म्हणजे मे आणि ऑक्टोबर. दोन्ही वेळा पाऊस येतो तो बहुतेक गडगडाट घेऊनच. ऑक्टोबरच्या सुमारास तर तिथे दसऱ्याची धामधूम असते. राजवाड्यापासून बन्नीमंटपापर्यंत जंबूसवारी पाहायला लाखो माणसं रस्त्याच्या दुतर्फा उभी असतात. डोक्यावर झाडं, झाडांवर दिव्यांच्या माळा. म्हणूनच वादळाची पूर्वसूचना हा म्हैसूरकरांसाठी चर्चेचा नव्हे, रोजच्या व्यवहाराचा प्रश्न आहे. आणि तो आपलाही आहे.

आसराच जिवावर बेतला

९ एप्रिल २०२३. अकोला जिल्ह्यातलं पारस गाव. रविवारची संध्याकाळ, देवळात आरतीसाठी जमलेली माणसं. वादळी पाऊस आला तेव्हा मंडळी टिनाच्या शेडखाली होती. शेजारचा जुना, भला थोरला कडुलिंब त्या शेडवर कोसळला. सात जण दगावले.

१३ मे २०२४. मुंबईत घाटकोपरचा पेट्रोल पंप. दुपारी साडेचारच्या सुमारास धुळीचं वादळ उठलं. कोणी पेट्रोल भरायला थांबलं होतं, कोणी वाऱ्यापावसापासून बचाव म्हणून छपराखाली आलं होतं. शेजारचा १२० फूट बाय १२० फूट जाहिरातीचा फलक त्या छपरावर पडला. १७ माणसं गेली, सत्तरहून अधिक जखमी झाली. एवढा मोठा फलक उभारायला महापालिकेची परवानगी नव्हती. मर्यादा होती ४० फूट बाय ४० फुटांची.

या दोन घटनांत एक सारखेपणा आहे. माणसं उघड्यावर नव्हती, ती आसऱ्याला होती. चूक त्यांची नव्हती. ऐन वेळी जे छप्पर दिसेल ते माणूस गाठतोच. विजेचंही असंच. देशाच्या गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ साली भारतात वीज पडून २,८८७ माणसं मृत्युमुखी पडली. त्या वर्षी निसर्गाच्या कोपाने जे जे मृत्यू झाले, त्यांतला एक तृतीयांशाहून जास्त वाटा एकट्या विजेचा होता. म्हणजे पूर, दरड, थंडी आणि उष्माघात यांतल्या कुठल्याही एकापेक्षा वीज अधिक माणसं नेते. यातले कितीतरी जण शेतात काम करता करता पाऊस आला म्हणून झाडाखाली गेलेले असतात.

वारा सुटल्यावर विचार करायला वेळ नसतो. पण दहा मिनिटं आधी कोणी सांगितलं असतं तर? माणूस झाड सोडून पक्क्या घरात गेला असता. शेड सोडून शाळेच्या इमारतीत गेला असता. ही दहा मिनिटं मिळवायची कशी, एवढाच आजच्या लेखाचा विषय.

यंत्रं आहेत, मग माणूस कशाला?

तुम्ही म्हणाल, आता उपग्रह आहेत, रडार आहेत, खिशात मोबाइल आहे. माणसाने आभाळाकडे डोळे लावून बसायची गरज काय?

यंत्रांचं मोल मोठंच आहे. कर्नाटकाचंच उदाहरण घ्या. १९८८ साली अवर्षणावर नजर ठेवण्यासाठी त्या राज्याने एक छोटा कक्ष उघडला. त्याचंच पुढे कर्नाटक राज्य नैसर्गिक आपत्ती निरीक्षण केंद्र झालं. या केंद्राने ग्रामपंचायतींच्या पातळीपर्यंत सहा हजारांहून अधिक स्वयंचलित पर्जन्यमापक बसवले. शेतकऱ्यांनी फोन करून हवामान विचारावं म्हणून ‘वरुण मित्र’ ही सेवा काढली. विजेचा इशारा देणारं ‘सिडिलु’ हे ॲप आणलं. सिडिलु म्हणजे कानडीत कोसळणारी वीज. आपल्या पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केलेलं ‘दामिनी’ ॲप तर देशभर चालतं. हवामान खातं हिरवा, पिवळा, नारिंगी, लाल अशा रंगांत इशारे देतं आणि पुढच्या तीन तासांचा अंदाजही जाहीर करतं.

पण यंत्राची नजर वरून खाली असते. रडारचंच पाहा. त्याचा किरण सरळ जातो आणि पृथ्वी गोल आहे. शिवाय किरण थोडा वर उचलूनच सोडावा लागतो. त्यामुळे रडारपासून दीडशे किलोमीटरवरच्या गावात तो जमिनीपासून सुमारे अडीच किलोमीटर उंचीवरून निघून जातो. ढगाच्या पोटात काय चाललंय ते त्याला दिसतं. पण ढगाखाली, तुमच्या चौकात वारा किती आहे, गारा पडतायत का, कुठलं झाड कलंडलंय, हे त्याला दिसत नाही. इशारा येतो तो बहुधा जिल्ह्याच्या नावाने. जिल्हा केवढा आणि वळवाचं वादळ केवढं! एका पेठेत मुसळधार आणि पलीकडच्या पेठेत कोरडं ऊन, हे आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे.

म्हणून ‘जिल्ह्यात आज वादळाची शक्यता’ हे यंत्राने सांगायचं आणि ‘ते आलं, आपल्याच दिशेने येतंय, चला आत’ हे शेजाऱ्याने.

म्हैसूरची जुनी सवय

हवामानाच्या नोंदी ठेवणं म्हैसूरला नवं नाही. संस्थानाच्या काळात तिथे स्वतंत्र हवामान विभाग होता. बंगळूरच्या सेंट्रल कॉलेजचे जॉन कुक त्याचे प्रमुख होते. बंगळूर, म्हैसूर, हासन आणि चित्रदुर्ग अशा चार वेधशाळा होत्या आणि १८९३ सालापासून त्यांचे वार्षिक अहवाल छापले जात. रोज ठरलेल्या वेळी कोणी तरी माणूस पर्जन्यमापकाशी जायचा, मोजायचा आणि वहीत लिहायचा, तेव्हा कुठे ते आकडे तयार व्हायचे.

आणि ‘आकाशवाणी’ हा शब्द? तोही म्हैसूरचाच. महाराजा कॉलेजात मानसशास्त्र शिकवणारे डॉ. एम. व्ही. गोपालस्वामी यांनी १९३५ साली आपल्या राहत्या घरी, एका लहानशा यंत्रावर, खासगी रेडिओ केंद्र सुरू केलं. त्याला नाव मिळालं आकाशवाणी. पुढे तेच नाव साऱ्या देशाच्या रेडिओने घेतलं. एक प्राध्यापक स्वतःच्या घरातून शहराशी बोलू लागतो, ही गोष्टच किती बोलकी आहे! आभाळातली बातमी शेजारपाजारच्यांना सांगायला तर तेवढं यंत्रही लागत नाही. एक शिट्टी, एक भोंगा किंवा मोहल्ल्याचा मोबाइलवरचा ग्रुप पुरतो.

इतरांनी कसं केलं?

वादळ पाहणाऱ्या स्वयंसेवकांची पद्धत अमेरिकेत रुजली. तिथल्या लष्कराच्या हवामान शाखेत जॉन फिन्ले नावाचा एक अधिकारी होता. १८८० च्या दशकात त्याने चक्रीवाताची, म्हणजे टोर्नेडोची माहिती कळवणाऱ्या दोन हजारांहून अधिक नागरिकांचं जाळं उभं केलं. त्यानंतर मात्र गंमत झाली. ‘टोर्नेडो’ म्हटलं की लोक घाबरतील, म्हणून तो शब्दच अंदाजात वापरायचा नाही, असं वरिष्ठांनी ठरवलं आणि पुढची कित्येक वर्षं तसंच चाललं! १९७० च्या दशकात ‘स्कायवॉर्न’ ही योजना आली. आज तिथे साडेतीन लाखांहून अधिक प्रशिक्षित स्वयंसेवक आहेत. शिक्षक, टपालवाले, शेतकरी, हौशी रेडिओ चालवणारे, सगळे. प्रशिक्षण फुकट आणि साधारण दोन तासांचं. त्यात काय पाहायचं, काय कळवायचं आणि स्वतः सुरक्षित कसं राहायचं, हे शिकवतात.

पण आपल्याला जवळचं उदाहरण बांगलादेशाचं. नोव्हेंबर १९७० च्या चक्रीवादळात तिथे किमान तीन लाख माणसं गेली. रेडिओवर इशारा होता, पण खेड्यापाड्यांत तो पोचला नाही, पोचला तिथे कळला नाही. त्यानंतर किनाऱ्यावर स्वयंसेवकांची फळी उभी राहिली. आज त्यात सुमारे ७६ हजार माणसं आहेत आणि त्यांतल्या निम्म्या स्त्रिया आहेत. काम अगदी साधं. धोक्याच्या पातळीनुसार एक, दोन किंवा तीन झेंडे लावायचे. कर्णा घेऊन दारोदार फिरायचं. म्हातारीकोतारी, गरोदर बायका, अपंग यांना हाताला धरून निवाऱ्यात न्यायचं. फरक एका रात्रीत पडला नाही. १९९१ च्या वादळातही तिथे सव्वा लाखावर बळी गेले. पण निवारे वाढले, बांध झाले, स्वयंसेवक वाढले आणि २०२० च्या ‘अम्फान’मध्ये बांगलादेशातल्या मृतांचा आकडा दोन अंकी राहिला.

बायका निम्म्या का, हेही समजून घेण्याजोगं आहे. परका पुरुष दाराशी येऊन ‘घर सोडा’ म्हणाला तर घरातली बाई निघत नाही. ओळखीची शेजारीण आली तर निघते. इशाऱ्यावर विश्वास बसायला तो ओळखीच्या तोंडून यावा लागतो.

काय पाहायचं?

यासाठी शास्त्राची पदवी नको. आपले शेतकरी पूर्वीपासून आभाळ वाचतातच. फक्त नेमकं काय पाहायचं ते ठाऊक हवं.

दुपारी दोन-तीनच्या सुमारास फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा, कडा ठसठशीत असलेला पांढरा ढग उंच उंच चढताना दिसला, तर लक्ष ठेवायला लागा. त्याचा माथा लोहाराच्या ऐरणीसारखा सपाट पसरला, की तो गडगडाटी ढग झाला. असा ढग बारा-पंधरा किलोमीटर उंचीपर्यंत जातो. त्याचं बूड काळं होऊन खाली उतरल्यासारखं दिसलं, की वादळ जवळ आलं.

मग हवा एकदम पडते. पान हलत नाही. आणि अचानक गार वाऱ्याचा झोत येतो, त्याला ओल्या मातीचा वास असतो. हा झोत ढगातून कोसळलेल्या थंड हवेचा. ही हवा जमिनीवर आदळून चहूकडे पसरते आणि पावसाच्या पुढे धावते. पाऊस अजून आलेला नसतो, पण झाडं पाडणारा वारा बहुधा हाच. गार झोत लागला की गच्चीवरचे कपडे काढायला धावू नका. आधी पोरंबाळं आत घ्या.

विजेचं अंतर कानांनी मोजता येतं. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजा. दर तीन सेकंदांना एक किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला, तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे. म्हणजे पुढची तुमच्यावरही पडू शकते. शेवटचा गडगडाट ऐकल्यानंतर अर्धा तास बाहेर पडायचं नाही.

वाऱ्याचा वेग झाडं सांगतात. डहाळ्या मोडून पडू लागल्या, तर वेग ताशी ६० किलोमीटरच्या पुढे गेला. अख्खी झाडं उन्मळू लागली, तर ९० च्या आसपास. गारांचा आकार वाटाणा, सुपारी, लिंबू असा सांगावा. पाऊस मोजायला उभ्या सरळ बाजूंचा, सपाट बुडाचा डबा आणि शाळेतली पट्टी पुरते. डबा मोकळ्या जागी ठेवा, एवढंच.

कळवताना चार गोष्टी सांगा : काय, कुठे, किती वाजता, किती. ‘खूप वादळ आलं’ याचा कोणाला उपयोग नाही. ‘पाच वाजून दहा मिनिटांनी, अमुक शाळेसमोर, झाड तारेवर पडलं, तार रस्त्यावर आहे’ याचा आहे. जिवाला धोका असेल तर ११२. जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षासाठी १०७७. तुटलेल्या तारेसाठी वीज कंपनीचा १९१२ हा क्रमांक. हवामान खात्यानेही नागरिकांकडून अशी निरीक्षणं घेण्याची सोय केली आहे.

आणि एक नियम सगळ्यांत आधीचा. निरीक्षकाने स्वतःचा जीव धोक्यात घालायचा नाही. खिडकीच्या आतून पाहायचं. फोटो काढायला गच्चीवर जाणारा माणूस निरीक्षक नव्हे, तो पुढचा बळी.

होळीपासून तयारी

वळवाची तयारी वळीव आल्यावर होत नाही. होळी झाली की एका रविवारी मोहल्ल्यातल्या चार-पाच जणांनी गल्लीतून फेरी मारावी. कुठलं झाड कललंय? कुठल्या झाडाच्या बुंध्याभोवती सिमेंट ओतलंय? कुठे केबलसाठी मुळं तोडलीत? गुलमोहराची मुळं फार खोल जात नाहीत आणि लाकूडही ठिसूळ. अशा झाडांची यादी करून नगरपालिकेच्या उद्यान विभागाला लेखी द्यावी. झाड तोडायलाच हवं असं नाही. वेळेवर फांद्या उतरवल्या, बुंध्याभोवतीचं सिमेंट फोडून मुळांना श्वास घेऊ दिला, तर बरीच झाडं वाचतात आणि माणसंही. सैल पत्रे, गच्चीवरच्या टाक्या, कलते फलक यांची वेगळी यादी करावी.

दुसरी यादी आसऱ्यांची. शाळा, समाजमंदिर, पक्की घरं. भाजीवाल्या, बांधकामावरचे मजूर, रिक्षावाले यांना पावसात कुठे जायचं ते आधीच सांगून ठेवावं. दारं कोण उघडणार, किल्ली कोणाकडे, हेही ठरवावं. तिसरी यादी माणसांची. एकटे राहणारे आजी-आजोबा, अंथरुणाला खिळलेले रुग्ण, विजेवर चालणारं उपकरण ज्यांच्या घरात आहे असे. त्यांच्यापुढे शेजाऱ्याचं नाव लिहावं.

वीज आणि फोन दोन्ही जातील असं धरूनच चालावं. ३ जून २०२० ला ‘निसर्ग’ वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, तेव्हा इशारा वेळेवर मिळाला, माणसं हलवली गेली आणि जीव वाचले. पण त्यानंतर श्रीवर्धन-मुरुडकडच्या गावांत कित्येक दिवस ना दिवे होते, ना फोन लागत होते. घरात विजेरी, तिचे सेल, पिण्याचं पाणी, आठवड्याची औषधं आणि महत्त्वाचे फोन क्रमांक कागदावर लिहिलेले असावेत. हौशी रेडिओ चालवणारा कोणी ओळखीचा असेल, तर त्याला मोहल्ल्याच्या बैठकीला जरूर बोलवा. डिसेंबर २००४ च्या सुनामीत अंदमानचे फोन बंद पडले, तेव्हा योगायोगाने पोर्ट ब्लेअरला गेलेल्या भारती प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हौशी रेडिओवरूनच खबरबात पोचवली होती.

शेवटी विजेविषयी. झाडाखाली, पत्र्याच्या शेडखाली, उघड्या शेतात थांबू नका. पक्कं घर किंवा काचा बंद केलेली मोटार सुरक्षित. पायात रबरी चपला आहेत म्हणून वीज सोडत नाही. घरात नळ, तारेचा फोन, प्लगला लावलेली यंत्रं यांपासून दूर राहा. कोणावर वीज पडलीच, तर त्याला हात लावायला घाबरू नका. त्याच्या अंगात वीज उरलेली नसते. श्वास आणि हृदय थांबलं असेल, तर ११२ ला फोन करायला एकाला सांगा आणि दुसऱ्याने लगेच छातीच्या मध्यभागी दोन्ही तळवे एकावर एक ठेवून मिनिटाला १०० ते १२० वेळा, सुमारे पाच सेंटिमीटर खोल दाब द्यायला सुरुवात करावी. मदत येईपर्यंत थांबू नये. घरातल्या एका तरी माणसाने हे शिकून घ्यावं. मोठी मुलं हे पटकन शिकतात.

या उन्हाळ्यात म्हैसूरला जाणार असाल, तर दुपारनंतरचं आभाळ पाहून बेत ठरवा आणि फोनमध्ये ‘दामिनी’ घेऊन ठेवा. घरीच असाल, तर येत्या रविवारी शेजाऱ्याला बरोबर घेऊन आपल्या गल्लीतली झाडं मोजून या.